रुग्णास वगळून

एका छापखान्यात तेवीस वर्षं मुद्रितं तपासणाऱ्या बाईंच्या मानेत गाठ आली. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला आणि सांगितलं, की अहवाल वाईट आला तर आजपासून तीन आठवड्यांच्या आत शस्त्रक्रिया व्हायलाच हवी, चांगला आला तर विषय संपला. रुग्णालयाचा कारभार नुकताच ऑनलाइन झाला होता. संकेतस्थळाचं नाव होतं 'आपलं आरोग्य, आपल्या हाती'. त्यामुळे अहवाल हातात मिळण्याची सोय बंद करण्यात आली होती.

सहाव्या दिवशी बाईंच्या फोनवर संदेश आला. 'आपला अहवाल तयार आहे. तो संवेदनशील असल्याने आपल्या मनःस्थितीची खात्री करूनच दाखवण्यात येईल.' खाली प्रश्न होता, अहवाल वाईट असल्यास आपण काय कराल? उत्तरं तीन : शांत राहीन, रडेन, सांगता येत नाही. बाईंना खरं बोलायची खोड. त्यांनी तिसरं उत्तर निवडलं. 'मनःस्थिती अनिश्चित. चार दिवसांनी प्रयत्न करावा.' चार दिवसांनी त्यांनी निमूटपणे 'शांत राहीन' निवडलं. 'आपण उत्तर बदललं आहे. मनःस्थिती अस्थिर. सात दिवसांनी प्रयत्न करावा.'

इकडे घरात भलतंच सुरू झालं. स्वतःचा टॉवेल कुठे असतो हे ज्याला लग्नानंतर कधी सापडलं नव्हतं, तो नवरा भांडी घासू लागला. मुलगी उलट बोलायची थांबली. नणंदेने फोन केला, "वहिनी, तुमच्यासारखी माणसं आता..." एवढं म्हणाली आणि वाक्य तसंच सोडून फोन ठेवला. चुका हुडकण्यात आयुष्य गेलेल्या बाईंच्या नजरेतून यातलं काही सुटेना.

"अहो, तुम्हाला काही कळलंय का?"

"मला? छे! मला कधी काय कळतं?" नवरा म्हणाला आणि स्वच्छ तवा पुन्हा घासायला लागला.

पंधराव्या दिवशी बाईंनी मदतकक्षाला फोन लावला. पलीकडचा गृहस्थ फारच मृदू होता.

"ताई, तो अहवाल तुम्हाला नाही दाखवता येणार."

"अहो, पण तो माझा आहे!"

"म्हणूनच ना. तुमचा नसता तर काहीच अडचण नव्हती."

"मग दाखवलाय कोणाला?"

"नियमाप्रमाणे जवळच्यांना. तुमचे मिस्टर, मुलगी, नणंदबाई. तुमच्या छापखान्याच्या मालकांनीही आपुलकीने चौकशी केली होती, त्यांना कसं नाही म्हणणार? पण तुम्ही मनाला लावून घेऊ नका हं."

बाईंनी फोन ठेवला. गाठ माझ्या मानेत, आणि बातमी मला सोडून सगळ्यांना! दहा मिनिटांनी त्यांनी आवाज जरा जाड केला आणि पुन्हा तोच नंबर लावला.

"मी पेशंटची चुलत जाऊ बोलतेय. कसं आहे हो आमच्या जाऊबाईंचं?"

"अरेरे, तुम्हाला अजून कोणी कळवलं नाही? पेशंटचा क्रमांक सांगा, लगेच पाठवतो." बाईंनी क्रमांक सांगितला. "हं, सापडला. गाठ वाईट आहे, पण वेळेत काढली तर पूर्ण बऱ्या होतील. फक्त एक विनंती, त्यांना इतक्यात काही बोलू नका."

"माझ्या तोंडून शब्द निघणार नाही," बाईंनी वचन दिलं.

संध्याकाळी त्यांनी अहवाल नवऱ्यापुढे धरला. "एकवीस दिवसांतले पंधरा गेले! कधी सांगणार होतात?"

"अगं, तुला कसं सांगायचं, यावर आमचं एकमत होत नव्हतं," नवरा रडवेला होऊन म्हणाला. "रोज चर्चा चालली होती."

विसाव्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. बाई थोडक्यात वाचल्या. बऱ्या होताच त्यांनी रुग्णालयाला सात पानी तक्रार धाडली, की माणसाच्या शरीराची बातमी सर्वांत आधी त्याच माणसाला कळली पाहिजे, तो त्याचा हक्क आहे. तक्रारीत शोधूनही चूक सापडली नसती.

त्याच महिन्यात नवऱ्याच्या छातीची तपासणी झाली. तो बाहेर शीळ घालत स्कूटर पुसत होता, तेव्हा बाईंच्या फोनवर संदेश आला. 'आपल्या पतींचा अहवाल संवेदनशील आहे. तो सोबत जोडला आहे. त्यांना कळवावा का? हो / नको.'

बाईंनी अहवाल वाचला. खिडकीतून नवऱ्याकडे पाहिलं. किती दिवसांनी मोकळा दिसत होता बिचारा! चार दिवस जाऊ देत, मग बेताबेताने सांगू, असं त्यांनी ठरवलं आणि 'नको' दाबलं.

लगेच उत्तर आलं. 'धन्यवाद. आमच्या रुग्णांचे बहुतेक सर्वच नातेवाईक प्रेमापोटी हेच उत्तर देतात. आपल्याविषयी कोणी असं उत्तर दिलं असल्यास ते आपल्याला कळवलं जाणार नाही. निश्चिंत राहा.'