डोंगरापलीकडचा गाळ

आमच्या नांतवेन गावाचं सांडपाणी केंद्र मी सांभाळतो, आणि अख्ख्या वेल्समध्ये इतकं देखणं सांडपाणी दुसऱ्या कुणाचं नाही, हे छातीठोकपणे सांगतो! गावाची घाण टाकीत येते, टाकीतले जिवाणू ती मिटक्या मारत खातात, मग पाणी बोरूच्या वाफ्यातून झिरपत ओढ्याला मिळतं. तिथे ट्राउट मासे लग्नघरातल्या व्याह्यांसारखे ऐटीत फिरत असतात.

माझा दुसरा अभिमान म्हणजे आमचं चॅपेल, गावचं प्रार्थनाघर. पाळकसाहेब इदवल प्रवचन करता करता गाऊ लागले की बाकांच्या लाकडालाही पाझर फुटेल. आणि त्यांचा सूर टिपेला पोचला की पुढच्या, माझ्या ठरलेल्या बाकावरून पहिला ‘आमेन’ माझा! माझ्याआधी म्हणायची अजून कुणाची छाती झालेली नाही.

तर पुढच्या आठवड्यात शनिवारी नदीखोरे समितीची माणसं पाणी तपासायला येणार होती, आणि त्यानंतर चॅपेलात सभा. पाणी त्यांच्या मनास आलं तर केंद्र गावाकडे राहणार. नाहीतर त्याला कुलूप, आणि आमचं सांडपाणी लांबच्या शहरात! मी पाळकसाहेबांना गाठलं. म्हटलं, या रविवारी जरा स्वच्छतेवर गा. गाव कसं लखलखलं पाहिजे.

ते गायले. काय गायले! ‘अंधारातला कोपराही उजळू द्या’ या ओळीवर सूर असा चढला की नेस्ताआजी काठी टाकून उभ्या राहिल्या. मी दणदणीत आमेन ठोकला. मग सगळे डोळे पुसत घरी गेले आणि मोठ्या भक्तिभावाने संडासात ब्लीच ओतू लागले. प्रत्येक घरात. बाटल्याच्या बाटल्या.

मंगळवारी पाहतो तो टाकीत स्मशानशांतता. माझे सगळे जिवाणू देवाघरी! वास असा की वाफ्यातल्या बोरूंनीसुद्धा माना वळवल्या.

घरी येऊन बायकोला, ओल्वेनला, विचारलं, “तूही ओतलंस?”

“ओतणारच. अहो, आमेन तुमचाच सगळ्यात मोठा होता.”

आता उपाय एकच. दुसऱ्या केंद्रातला जिवंत गाळ आणून टाकीत सोडायचा, म्हणजे नवे जिवाणू कामाला लागतात. आणि जवळचं केंद्र कुठलं? डोंगरापलीकडचं, पेन्त्रेगॉखचं. तिथल्या ग्विलिमला मी वर्षानुवर्षं ऐकवत आलोय की डोंगरधारेवरचा पाऊस आमच्या बाजूला घरंगळला तर भाग्यवान, तुमच्या बाजूला गेला तर त्याचा जन्म फुकट.

गेलो. टोपी हातात धरून गेलो.

“म्हणजे तेकविन, तुला आमची घाण पाहिजे?” ग्विलिमने शांतपणे विचारलं.

“गाळ,” मी म्हटलं. “जिवंत गाळ.”

“घाण म्हण गड्या, लगेच देतो.”

म्हटलं. हळू म्हटलं, तर त्याने कानाला हात लावला. पुन्हा म्हटलं.

“आणि शनिवारी चॅपेलात तुझ्या बाकावर मी बसणार.”

त्याचा टँकर घाट उतरून आला तेव्हा सगळं गाव दारात उभं होतं. इतकं स्वागत आमच्याकडे नव्या नवरीचंही होत नाही.

शनिवारी पाणी आरशासारखं! समितीच्या अध्यक्षीणबाईंनी काचेचा पेला उन्हात धरला, ओढ्यातल्या माशांकडे बघितलं, आणि केंद्र गावाकडेच राहील असं सांगून टाकलं. माझी छाती कोटाची बटणं तोडायच्या बेतात! चहा आणि मनुकांचा पाव झाल्यावर सगळे चॅपेलात जमले. बाईंनी भर सभेत विचारलं, “एवढ्या निर्मळ पाण्याचं रहस्य काय?”

मी खाकरून उठणार, तोच पाळकसाहेब उठले. देवाच्या घरात खरं बोलावं एवढंच त्या भल्या माणसाला ठाऊक! त्यांनी डोळे मिटले आणि गायला सुरुवात केली: आमच्या हट्टी स्वच्छतेने जे मेलं, ते पलीकडच्या भावांच्या घाणीने जिवंत केलं...

सूर टिपेला पोचला. माझ्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. मी श्वास भरून घेतला.

पण माझ्या बाकावरून ग्विलिमचा आमेन आधीच निघून गेला होता.