जुन्या पात्रातला शिवडा

दिवाळीच्या सुमारास पाणी गार व्हायला लागलं, की कासारडोहचे मोठे मासे नदी सोडून गावात राहायला येतात.

नदी पूर्वी गावाच्या मधूनच वाहायची. एका मोठ्या पुरात तिनं वळण सोडलं आणि ती पलीकडच्या मळ्यांतून जायला लागली. रिकाम्या पात्रात भर घालून लोकांनी घरं बांधली. माशांनी हा बदल उन्हाळ्या-पावसाळ्यापुरताच मान्य केला. थंडीत ते जुन्या पात्रातच असतात. पाणी नसतं, पण पूर्वी जिथं जेवढं खोल होतं, तिथं तेवढ्या उंचीपर्यंत ते पोहतात. एसटीच्या थांब्यापाशी गुडघ्याइतके, शाळेसमोर कमरेइतके. मत्स्य खात्याचे एक साहेब येऊन पाहणी करून गेले. रस्त्यावरचा मासा धरणाऱ्याचा आणि घरातला मासा घरवाल्याचा, असं त्यांनी ठरवून दिलं. त्यावरून आजवर तंटा झालेला नाही.

हैबती तारूसारखा गळ टाकणारा गावात दुसरा नव्हता. थंडीत शिवडा मासा आमिषामागे धावत नाही, ते त्याच्या तोंडासमोरून सावकाश न्यावं लागतं, हे तो सगळ्यांना सांगायचा. मोठा मासा उथळात सापडत नाही, जुन्या वळणावरच्या डोहात बघावा, हेही सांगायचा. स्वतः मात्र तो थांब्यापाशीच गळ टाकून बसे, कारण डोहाच्या जागेवर त्याच्या बहिणीचं घर होतं.

चांगुणानं स्वतःच्या मनानं एका गवंड्याशी लग्न केलं, तेव्हापासून हैबती तिच्या दारात गेला नव्हता. ते घर त्या गवंड्यानंच बांधलं होतं. तो वारला तेव्हाही हैबती गेला नाही. दर भाऊबीजेला चांगुणा निरोप पाठवायची आणि माशांचा हंगाम चालू आहे, असा उलटा निरोप तिला मिळायचा.

त्या वर्षी दूधवाल्यानं येऊन सांगितलं, की चांगुणाबाईंच्या माजघरात आढ्याखाली शिवडा फिरतोय, माणसाएवढा लांब. हैबतीनं दोन-तीन दिवस ऐकून न ऐकल्यासारखं केलं. भाऊबीजेच्या सकाळी तो गळाची काठी आणि तंगुसाची दोरी घेऊन तिच्या दारात उभा राहिला.

चांगुणानं काठीकडे बघितलं.

"ये दादा," ती म्हणाली. "पाट मांडलाय."

हैबती म्हणाला, आधी हे उरकतो. मग तो उंबऱ्यातच बसला. माजघरात शिवडा वाशांच्या खालून संथपणे फिरत होता. मिशा भिंतीला लागल्या की तो वळायचा. हैबतीनं गळाला बारका मासा लावला आणि तंगूस आढ्यावरून सोडून आमिष सावकाश ओढायला सुरुवात केली. चांगुणा निरांजन लावून पाटापाशी बसून राहिली. तो आमिष पुढं न्यायचा, थांबायचा, परत न्यायचा. निरांजनातलं तूप संपलं, तिनं पुन्हा घातलं. तेही संपलं.

उन्हं अंगणात उतरल्यावर शिवड्यानं आमिष घेतलं. तो फारसा झुंजला नाही. फळीवरची दोन भांडी पडली, एवढंच. हैबतीनं त्याला हळूहळू खाली आणून जमिनीवर घेतलं आणि मग त्याला साहेबांनी घालून दिलेला नियम आठवला. घरातला मासा घरवाल्याचा होता. तो बहिणीकडे बघत राहिला.

"ने," ती म्हणाली. "भाऊबीजेला आलास, रिकाम्या हातानं कसा जाशील?"

हैबतीनं मासा खांद्यावर घेतला. एवढा शिवडा गावात कुणी पाहिला नव्हता. चावडीपर्यंत माणसं त्याच्याबरोबर चालली. ओवाळून घ्यायचं राहिलं, हे त्याला घरी आल्यावर, सून मसाला वाटायला बसली तेव्हा ध्यानात आलं. त्यानं जेवायला नको म्हणून सांगितलं. सुनेला वाटलं, दमला असेल.

पुढच्या थंडीत चांगुणाच्या घरात मोठा मासा आला नाही. साहेब पुन्हा पाहणीला आले आणि म्हणाले, डोह गाळानं भरत आलाय, असं होतं.

भाऊबीजेला हैबती निरोपाची वाट न बघता गेला, काठी न घेता. चांगुणानं त्याला पाटावर बसवून ओवाळलं. त्यानं तबकात लुगडं ठेवलं. मग ती चहा घेऊन आली आणि दोघं माजघरातल्या बाकावर बसली. आढ्याकडे बघत त्यानं विचारलं, एवढं धूड डोक्यावर फिरायचं, तुला भ्या नाही वाटायचं?

"पहिल्या वर्षी वाटलं," चांगुणा म्हणाली. "हे गेले त्याच थंडीत आला तो. मग दर थंडीत यायचा. दिव्याच्या उजेडात त्याची सावली भिंतीवरनं हलायची. घरात कुणीतरी हाय, असं वाटायचं."

"मला सांगायचं नाही व्हय?"

"तू इतक्या वर्षांनी आला होतास," ती म्हणाली.

हैबतीनं चहा खाली ठेवला. दारातून बोटाएवढ्या माशांचा थवा आत आला आणि जमिनीलगत, घोट्याइतक्या खोलीतून, बाकाकडे निघाला. चांगुणानं पाय वर घेतले. हैबतीनंही घेतले. मासे बाकाखालून जाईपर्यंत दोघं तशीच बसून राहिली.