पोज्जोस्कुरोची मुकी घंटा

पोज्जोस्कुरो गावात शहाणी माणसं दोनच, असं फोर्तुनातोचं ठाम मत होतं. दुसरा कोण, ते त्यानं कधी सांगितलं नाही. डोंगरमाथ्यावरच्या त्या जुन्या गावात एकुलती एक खाणावळ त्याची, आणि तीही गिऱ्हाइकाअभावी शेवटच्या घटका मोजत होती. त्यामुळे मिलानोच्या प्रवास मासिकाच्या देल्फिनाबाई गाव बघायला येणार म्हटल्यावर त्यानं चौकात जाहीर करून टाकलं, "एकदा खाणावळीचं नाव छापून येऊ द्या, मग बघा, खुर्च्या पुरायच्या नाहीत!"

बाई संध्याकाळी आल्या आणि म्हणाल्या, मागच्या गावात गोंगाटानं डोळ्याला डोळा लागला नाही, इथं तरी शांतता मिळू दे. झालं. फोर्तुनातो तडक चर्चमध्ये गेला आणि घंटा वाजवणाऱ्या नेल्लोला बजावून आला, की बाई जाईपर्यंत घंटेला हात लावायचा नाही. नेल्लोला काय, आयती सुटी. हे बायकोच्या, इर्माच्या, कानावर घालावं, असं मात्र फोर्तुनातोला वाटलं नाही. शहाणी माणसं बायकोला विचारून थोडीच काही करतात.

दुसऱ्या दिवशी आभाळ गच्च भरलेलं. त्यानं बाईंना किल्ल्याची वेस दाखवली, ओकचं रान दाखवलं, आणि दर वळणावर इर्माच्या हातचा पास्ता आणि रानडुकराचा रस्सा यांचं गुणगान ऐकवलं. बाईंच्या पोटात कावळे ओरडू लागले. दोनच्या बसनं त्यांना परतायचं होतं. दोघं धापा टाकत खाणावळीत पोचले, तर रस्सा बाजूला उतरवलेला, चूल रिकामी आणि इर्मा निवांत विणत बसलेली.

"अगं, पास्ता कुठाय?"

"घंटा झाली की पातेलं चढवते. आज काय नवीन आहे का?"

"दीड वाजायला आला, इर्मा."

"काहीतरीच. घंटा कुठे झालीय अजून? तुम्हाला काय, न्याहारीचा घास गिळला की भूक लागते."

बाराच्या घंटेवर अख्खं गाव पातेली चढवायचं. घड्याळ बघून रांधणं म्हणजे शहरातली थेरं. तो शेजारी ताटभर पास्ता उसना मागायला धावला, तर तिथंही बायका घंटेचीच वाट बघत गप्पा मारत होत्या. शेवटी त्यानं इर्माला विनवलं, निदान रस्सा आणि पाव तरी वाढ.

"पास्त्याचा रस्सा पावाबरोबर? पाहुणीला?" इर्मा म्हणाली. "मेल्यावर आईला काय तोंड दाखवू मी?"

बाई बिचाऱ्या बाहेर जाऊन घंटाघराच्या भिंतीला टेकून पेंगू लागल्या. इकडे नेल्लोची बायकोही घंटेवाचून चूल पेटवेना. भुकेनं कासावीस झालेल्या नेल्लोनं दिलेला शब्द गुंडाळून ठेवला आणि बरोबर बाईंच्या डोक्यावर बाराचे बारा टोले असे हाणले, की त्या टुणकन उठून उभ्याच राहिल्या. इर्मानं समाधानानं पातेलं चढवलं. पाण्याला आधण यायच्या आत बस आली. बाईंनी खिडकीतून एक हात हलवला. दुसऱ्या हातात त्यांच्याच पिशवीतलं सफरचंद होतं.

मासिकात मात्र छापून आलं. 'देखणं गाव, अपार शांतता. जेवण घरून न्यावं.'

आता दर रविवारी बस भरून येते. मंडळी आपापले डबे उघडून चौकात बसतात, आणि खुर्च्या खरंच पुरत नाहीत, कारण फोर्तुनातोच्या सगळ्या खुर्च्या त्यांनीच उचलून सावलीला नेलेल्या असतात. मधूनच कुणीतरी खाणावळीच्या दारात डोकावतं. फोर्तुनातो खांद्यावर फडकं टाकून लगबगीनं पुढे होतो, कमरेत वाकतो.

"शौचालय कुठाय हो?" पाहुणे विचारतात.