हिराजीशेठ आणि इंटरनेटचं गेट

भिवंडीजवळच्या अंजूर गावातल्या हिराजीशेठना भेटायला मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा गेटवर बसलेल्या एका म्हाताऱ्याने माझी रिक्षा अडवली. अंगात बनियन, कमरेला लुंगी, खांद्यावर टॉवेल आणि बुडाखाली प्लास्टिकची खुर्ची. "कुठं?" त्याने विचारलं. मी म्हटलं, हिराजीशेठकडे, कॉम्प्युटरच्या कामासाठी. "गेटपास?" मी म्हटलं, गेटपास कसला, शेठनी स्वतः फोन करून बोलावलंय. "शेठ घरी न्हाय." मग कुठे भेटतील, असं मी जरा चढ्या आवाजात विचारलं, तर म्हातारा खुर्चीतून न उठता म्हणाला, "हा काय, तुझ्यासमोर बसलाय."

तर हे हिराजीशेठ. खाडीलगतच्या त्यांच्या भातशेतीवर गोदामं उभी राहिली होती आणि ती भाड्याने गेली होती. गेटवर पगारी वॉचमन होता, पण त्याच्या खुर्चीवर मालकच बसत असल्यामुळे तो बिचारा मागे पिंपाशेजारी गोणपाट टाकून पडलेला असे. कुठलाही ट्रक आला की शेठ हात आडवा करायचे. ड्रायव्हरने खाली उतरायचं, कागद दाखवायचे, कुठून आला, काय माल आणला, सगळं सांगायचं. कागद बरोबर असले तरी सुटका नव्हती. "गेटपास ठीक है, अब ये बताव, घर में कौन कौन है?" पानिपतचा ड्रायव्हर पोरीच्या लग्नाचं सांगायला लागला की मागे आणखी दोन ट्रक हॉर्न मारत उभे. भाडेकरू कंपन्यांचे मॅनेजर वैतागायचे, पण मालकालाच गेटवरून हटवणार कोण?

माझा तेव्हा भिवंडीत कॉम्प्युटरचा क्लास होता. वर क्लास, खाली पॉवरलूमचा कारखाना. त्या खडखडाटात शिकवून शिकवून माझा आवाज असा झाला, की मी भाजी वाढ म्हटलं तरी भांडतोय असं बायकोला अजून वाटतं. क्लासमुळे शेठ मला मास्तर म्हणायचे. वयाने आणि स्वभावाने ते सगळ्यांनाच अरेतुरे करत, मलाही करत, आणि मला ते कधी खटकलं नाही.

शेठची बायको बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेली. घरात मुलगा जगदीश, सून सुवर्णा आणि दोन नाती, तन्वी आणि श्रुती. जगदीशने पोरींसाठी कॉम्प्युटर घेतला, ब्रॉडबँड घेतलं आणि तो आपल्या धंद्याला लागला. सून नोकरीला. म्हणून शाळेच्या पालकसभेला शेठ गेले. तिथे कुणी एक बाई येऊन सांगून गेल्या, की इंटरनेटवर अनोळखी माणसं मुलांशी गोड बोलतात, पत्ता विचारतात, फोटो मागतात. शेठ घरी आले ते हादरूनच. मला बोलावणं गेलं ते यासाठी.

"मास्तर, ह्या इंटरनेटला गेट कुठं हाय?"

मी म्हटलं, शेठ, गेट नसतं.

"न्हाय? मग कोनीपन कुठूनपन घरात येतंय?"

मी क्लासमध्ये इंटरनेटवर तासभर बोलायचो, पण इतकं नेमकं मला कधी जमलं नव्हतं. मग मी त्यांना सांगितलं, की पालकांसाठी एक सॉफ्टवेअर मिळतं. नको त्या साइट त्यात बंद करता येतात, किती वेळ बसायचं ते ठरवता येतं आणि पासवर्ड फक्त मोठ्या माणसाकडे राहतो. शेठचे डोळे चमकले. म्हणजे वॉचमन, ते म्हणाले. मी म्हटलं, तसंच समजा. "मग वॉचमन मी."

त्या सॉफ्टवेअरमध्ये दोन रीती होत्या. एकीत वाईट तेवढं बंद आणि बाकी सगळं उघडं. दुसरीत सगळंच बंद, आणि मोठ्या माणसाने एकेक साइट मंजूर करायची. मी पहिली सुचवली. नाहीतर पोरींचा अभ्यास अडेल म्हटलं. शेठनी क्षणाचाही विचार न करता दुसरी घेतली. वाईट माणूस आत आल्यावर कळून काय उपयोग, आधी थांबवायचा, मग बघायचं. ट्रकचाच नियम.

त्या दिवसापासून त्या घरात इंटरनेट हे असं चालू झालं. तन्वीने काही उघडायला घेतलं, की पडद्यावर पाटी यायची: मोठ्यांची परवानगी घ्या. तन्वी हाक मारायची, "आबा!" शेठ गेटवरून उठून, टॉवेलने तोंड पुसत आत यायचे, खुर्ची ओढून बसायचे आणि चौकशी चालू व्हायची. कुठली साइट? कोनाची? काय माल हाय तिच्यात? हवामानाची साइट त्यांनी नामंजूर केली, कारण पाऊस येणार की नाही ते खाडीकडे बघून कळतं. बेडकाच्या प्रोजेक्टसाठी पोरीला चित्र हवं होतं, तर शेठ तिला बांधावर घेऊन गेले आणि जिवंत बेडूकच हातात दिला. तन्वी किंचाळली, पण प्रोजेक्ट वर्गात पहिलं आलं. गरम पाण्याच्या झऱ्यांची माहिती हवी झाली तेव्हा तर शेठनी कॉम्प्युटर बंद करून दोघींना गाडीत घातलं आणि थेट अकलोलीच्या गरम कुंडांवर नेलं. "फोटूत हात भाजतो का?" त्यांनी मला नंतर विचारलं.

एकदा त्या सॉफ्टवेअरलाच स्वतःमध्ये काही सुधारणा करायची होती. त्यासाठी त्याने कंपनीची साइट उघडायला घेतली, आणि स्वतःचीच पाटी त्याच्यासमोर आली. शेठनी परवानगी नाकारली. घरात राहतोय म्हणून काय झालं, विचारायला नको? मी अर्धा तास समजावलं. शेवटी त्याला एका दिवसापुरता गेटपास मिळाला.

हसू येतं, पण माणूस खुळा नव्हता. एके संध्याकाळी तन्वी एका मैत्रिणीच्या घरी चॅट करून आली आणि नाशिकची कुणी मुलगी आपला फोटो मागतेय, असं सहज बोलून गेली. शेठनी ती चॅटची साइट आपल्या घरी उघडून दिली, स्वतः शेजारी बसले आणि नातीला काय लिहायचं ते सांगितलं: आधी बापाचं नाव सांग, गाव सांग, मग बापालाच फोनवर आण. नाशिकची मुलगी त्याच क्षणी गेली ती पुन्हा आली नाही. त्या रात्री सुवर्णावहिनींनी सासऱ्यांना दोनदा भात वाढला, असं जगदीश सांगत होता.

आमच्याकडे त्या काळात लोडशेडिंग इतकं होतं, की खरं तर महावितरणच पोरांना आवर घालायला पुरेसं होतं. पण वीज आली रे आली की शेठचा मला फोन: "मास्तर, गेट लागलंय ना परत?" मी म्हणायचो, लागलंय. तरी पंधरवड्यातून एकदा मला बोलावून ते तपासून घ्यायचेच. मी रिक्षाने जायचो, काही बिघडलेलं नसायचं, आणि मी चहा घेऊन, कोलंबीचं लोणचं घेऊन परत यायचो. तपासणी पाच मिनिटांची, गप्पा दोन तासांच्या.

मग जगदीशने ठाण्यात फ्लॅट घेतला. पोरींना तिथली शाळा, सुवर्णावहिनींना तिथून नोकरी जवळ. शेठना चला म्हणाले, पण शेठ म्हणाले, गोदामांकडे कोण बघणार? अंजूरचा कॉम्प्युटर तिथेच राहिला, कारण ठाण्याला नवीन आला. पोरी शनिवार-रविवारी येत. त्यांच्यासाठी शेठ शनिवारी सकाळपासून कॉम्प्युटरवरचं कापड काढून ठेवत.

हळूहळू शनिवार चुकायला लागले. आधी परीक्षा होती, मग गॅदरिंग होतं, मग काहीच कारण नव्हतं. दिवाळीच्या तोंडावर जगदीशचा मला फोन आला. तो ओशाळून बोलत होता. मास्तर, तेवढं आबांच्या कॉम्प्युटरचं बघा. ठाण्याच्या कॉम्प्युटरवर वाईट साइट तेवढ्या बंद आहेत, बाकी सगळं चालतं. अंजूरला गाणं लावायचं तरी आबांना बोलवावं लागतं. पोरी म्हणतात, दिवाळीला तिकडे नको, तिकडे कंटाळा येतो. त्यांना जबरदस्तीने आणलं तर तोंडं फुगवून बसतील, ते आबांना अजून लागेल. तुमचं ऐकतात ते, तुम्हीच सांगा.

असली कामं मला अजिबात जमत नाहीत. पण गेलो. शेठ गेटवरच होते. मी आडवळणाने बोलायला लागलो, की पोरी आता मोठ्या झाल्या, तंत्रज्ञानही पुढे गेलंय, पहिली रीतच बरी. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, पोरी यायच्या न्हायत म्हणतात का? मी हो म्हटलं. खोटं बोलायला मला सुचलं नाही.

शेठ उठून आत गेले. मीही मागोमाग गेलो. घर स्वच्छ होतं, भांडी जागच्या जागी होती, आणि कुठेच कसला आवाज नव्हता. त्या कॉम्प्युटरच्या खुर्चीवर ते बसले.

"तुला काय वाटतं मास्तर, मी वाईट मानसांना भिऊन सगला बंद ठेवला?"

मी म्हटलं, मग?

"पयल्यांदा भ्यालो. ते खरा हाय." मग ते थांबत थांबत सांगायला लागले. कॉम्प्युटर यायच्या आधी पोरी दिवसभर त्यांच्या मागे असायच्या. फणस कापून द्या, सायकलची चेन बसवा, उंचावरचा डबा काढा. कॉम्प्युटर आला आणि सगळं बंद झालं. पोरी याच खोलीत असायच्या, पण शेठनी दहा वेळा बोलावलं तरी मान वळायची नाही. त्यांना वाटलं, आपलं काम संपलं.

"मग तू ता कुलूप लावलास. आनि घरात परत आबा, आबा सुरू झाला. दर पाच मिन्टांनी. मना कललाच न्हाय त्या साइटींतलं काय. मी आपला मंजूर, नामंजूर करीत बसलो. हाक मारतात ना, बस."

इतकी वर्षं मी त्या गेटची गंमत क्लासमध्ये रंगवून सांगत होतो, आणि आत एक माणूस कुणीतरी हाक मारावी म्हणून बसला होता. मी उगाच माऊस हलवत राहिलो.

शेठच म्हणाले, "उघड सगला. वाईट तेवढा बंद ठेव." मी कामाला लागलो. बदल करून झाले, मी उठणार तोच त्यांनी माझा हात धरला. "येक चांगलीपन बंद ठेव."

कुठली, मी विचारलं.

"त्यांना लई आवडती ती. एकदा तरी हाक मारतील."

श्रुतीला बाहुलीला कपडे घालायचा एक खेळ आवडायचा. निरुपद्रवी, गुलाबी, बिनडोक खेळ. तो मी बंद ठेवला.

दिवाळीत पोरी आल्या. शेठनी मलाही फराळाला बोलावलं होतं. आम्ही दोघं ओटीवर बसलो होतो, आतून गाण्यांचे, हसण्याचे आवाज येत होते. सगळं चालतंय, आबा एकदम बेस्ट झालेत, असं तन्वी आईला सांगत होती. शेठ चकलीचा एकच तुकडा हातात धरून बसले होते. मी दोनदा काहीतरी बोललो, ते त्यांना ऐकूच गेलं नाही. बराच वेळ गेला. मला वाटलं, पोरी आज तो खेळ उघडतच नाहीत.

"आबा! हे बंद आहे!"

शेठ उठले, पण लगेच आत गेले नाहीत. लुंगी सारखी केली, काय कटकट आहे असा चेहरा केला, मग गेले. मी दारात उभा राहिलो. त्यांनी चष्मा लावला आणि एका बोटाने पासवर्ड मारला. चुकला. श्रुती म्हणाली, आबा, नीट बघून मारा. पुन्हा मारला, पुन्हा चुकला. हा पासवर्ड म्हणजे त्यांच्या बायकोचं नाव. माझ्यासमोर त्यांनी तो कितीतरी वेळा मारला होता, लोडशेडिंगनंतर मेणबत्तीच्या उजेडातसुद्धा, आणि एकदाही चुकला नव्हता. तिसऱ्यांदा चुकल्यावर पडद्यावर आलं, की आता दहा मिनिटं थांबावं लागेल.

"आता?" श्रुतीने विचारलं.

आता काय, बसा, शेठ म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. दोघी नाइलाजाने त्यांच्या दोन बाजूंना टेकल्या. पंखा फिरत होता. तन्वीने घड्याळाकडे पाहिलं. गेटवर परमुलखातल्या ड्रायव्हरला तासभर बोलता ठेवणाऱ्या त्या माणसाला आपल्या नातींशी काय बोलावं ते सुचेना. त्यांनी एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "इचारा ना मना कायतरी."