शेऱ्यासकट चारशे बारा स्थळं

कलावतीबाईंच्या वधूवर सूचक मंडळातली चारशे बारा स्थळं सकाळी अकरा वाजता कल्याणहून ठाण्याला पोचली. वेळ किती लागला म्हणाल, तर हातातला कप बशीत ठेवेपर्यंत.

"गेली?" बाईंनी विचारलं.

"गेली. पोच पण आली, बघ. आणि त्यांची स्थळंही आली आपल्याकडे," त्यांचा भाचा हरिहर म्हणाला.

बाईंनी कॉम्प्युटरला चक्क हात जोडले. एकतीस वर्षं त्यांनी टिटवाळ्यापासून मुलुंडपर्यंत पिशवीतून बायोडेटा वाहिले होते. आता लोक मोबाइलवरच लग्नं जुळवतात. वर्षभरात मंडळात नऊ नवी नावं आली. ठाण्याच्या मोठ्या मंडळाशी ही जोडणी जमली तरच दिवाळीनंतर दार उघडं राहणार होतं.

हरिहर घोडबंदर रोडला कॉम्प्युटर कंपनीत. मावशीसाठी त्याने सुट्टीच्या दिवशी हे काम केलं. नाव, वय, उंची, शिक्षण असे चार रकाने निवडून पाठवायचं ठरलं होतं. पण निवडत बसणार कोण?

"एक्सएमएल म्हणतात याला, मावशी. माणसाची सगळी माहिती एका कागदात. तो अख्खाच्या अख्खा उचलायचा आणि पाठवायचा. एकेक रकाना वेचणं ही जुनी पद्धत झाली."

शिकलेल्या माणसाचा आळसही कसा शास्त्रशुद्ध असतो बघा.

साडेअकराला बाईंनी सहज विचारलं, "शेरा नाही ना रे गेला?"

"कसला शेरा?"

कागदाच्या तळाचा शेवटचा रकाना तो. बाई प्रत्येक घरी स्वतः जात, चहा घेत, आणि परत आल्यावर फक्त स्वतःसाठी तिथे एक ओळ लिहून ठेवत. हरिहरने तो रकाना उघडला आणि त्याचा चेहरा उतरला.

'मुलगा सोन्यासारखा. पण उत्तर देण्याआधी वडिलांकडे बघतो.' 'मुलगी हुशार. बापाने नोकरी एक पायरी वाढवून सांगितली.' 'घर मोठं. मोलकरणीशी बोलायची रीत बरी नाही.'

तो वाचतच राहिला. "मावशी, हे तू सगळ्यांचं लिहिलंयस?"

"चारशे बाराच्या चारशे बारांचं."

हरिहर घाबरायचंच विसरला. दहा वर्षं तो माहितीचे डोंगर इकडून तिकडे ढकलत होता, पण त्यात माणूस असा कधी दिसला नव्हता. तो मावशीकडे थक्क होऊन बघत बसला.

"बघतोस काय? परत बोलव ते."

"परत नाही येत. आणि तिकडून जुळणाऱ्या घरांना मोबाइलवर आपोआप जातं. एव्हाना गेलंसुद्धा असेल."

"म्हणजे एकतीस वर्षांची अब्रू गेली माझी," बाई म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. "आता कोण पाऊल टाकणार इथे?"

पाऊल टाकलं विमलाबाईंनी, बाराच्या ठोक्याला. मागच्याच गल्लीतल्या. मुलगा ऋतुराज, वय बत्तीस. त्यांनी खुर्ची ओढली आणि मोबाइल बाईंसमोर धरला. त्यावर ऋतुराजचा शेरा होता: 'मुलगा लाखात एक. आई सुनेला स्वयंपाकघरात पाय ठेवू देणार नाही.'

"हे तुम्ही लिहिलंत?"

हरिहर टेबलाखाली काहीतरी शोधायला लागला.

"लिहिलं," कलावतीबाई म्हणाल्या. "खोटं असेल तर सांगा, हात जोडून माफी मागते."

विमलाबाईंनी पंख्याकडे बघितलं, मग दाराकडे. "खोटं नाहीये. ऋतुराजपण हेच म्हणतो." मग त्या पुढे सरकल्या. "अहो, दोन वर्षं आमचा बायोडेटा फिरतोय, कुत्रं विचारत नव्हतं. आत्ता घोडबंदर रोडहून एका मुलीच्या आईने हे मला पाठवलं आणि लगेच फोन केला. म्हणाल्या, 'आमच्या श्रियाला साधा कुकर लावता येत नाही. सासू स्वयंपाकघरात येऊच देणार नसेल तर देवच पावला.' रविवारी येतायत."

कलावतीबाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

"पाणी राहू दे. त्या लोकांचा शेरा दाखवा मला."

हरिहर टेबलाखालून वर आला. ठाण्याहून आलेला श्रियाचा कागद त्याने उघडला. "काकू, त्यांनी मोजकंच पाठवलंय. नाव, वय, उंची, शिक्षण. एकदम व्यवस्थित. शेरा नाहीये."

"म्हणजे लपवतायत," विमलाबाई म्हणाल्या. "तुमच्या शेऱ्याशिवाय मी हो म्हणणार नाही. रविवारच्या आत तुम्ही जाऊन बघून या, आणि काय ते लिहा."

तोवर जिन्यात आणखी दोन घरची माणसं उभी होती, आणि त्यांनाही बाईंचा शेराच हवा होता. कलावतीबाईंनी पदर खोचला, पिशवी उचलली. 

"मावशी," हरिहर हळूच म्हणाला, "रकाने निवडून पाठवायची सोय करून देतो मी. पाच मिनिटांचं काम आहे."

"कर की," बाई चपला सरकवत म्हणाल्या. "शेरा तेवढा ठेव. बाकीचं नाही गेलं तरी चालेल."