कर्णिककाकांची ओसरी

कर्णिककाका घराबाहेर पडले की त्यांच्या काखेत घडीची लोखंडी खुर्ची असायची. लोक छत्री नेतात, पिशवी नेतात. हे खुर्ची न्यायचे. आमच्या डोंबिवलीच्या बाजारगल्लीत, ऐन वर्दळीत, कुठेही ती खटकन उघडायची आणि बसायचं. मागे रिक्षावाला हॉर्न वाजवून बेजार. काका मान वळवून शांतपणे म्हणायचे, "ओरडतोस कशाला? उतर. जरा टेक."

'जरा टेका' हे त्यांचं पालुपद. बरं, टेकवायचे कुणाला, तर माझ्या गिऱ्हाइकांना! त्या गल्लीत माझं मॅचिंग सेंटर. ब्लाऊजपीस, अस्तर, फॉल. बाई दुकानाची पायरी चढायच्या आत काका तिला गाठायचे. "माहेर कुठलं हो?" झालं! बाई खुर्चीत, काका उभे, आणि माहेरची चौकशी संपेपर्यंत तिची कुकर लावायची वेळ. ब्लाऊजपीस राहिला बाजूला. मी आत कात्री आपटत बसायचे.

काका मूळचे ठाण्याचे, टेंभी नाक्याजवळच्या एका चाळीतले. कळव्याच्या कारखान्यात ड्रॉइंग काढण्यात त्यांची उभी हयात गेली. रिटायर झाल्यावर माझ्या दुकानासमोरच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर ब्लॉक घेतला. लिफ्ट नाही. वर्षभरातच काकू मोरीत घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि त्यांचं खाली येणं कायमचं बंद झालं. आम्ही सगळ्या रीतसर भेटून आलो, मोसंबी दिली, 'जपा हं' म्हणालो. मग जिचा तिचा संसार. काकू अधूनमधून गॅलरीत दिसायच्या, खुर्चीत बसलेल्या.

त्यानंतर काकांचं खूळ फारच वाढलं. एका दुपारी जुन्या ड्रॉइंगच्या पाठीवर काढलेला भलामोठा नकाशा त्यांनी माझ्या काउंटरवर पसरला, तोही नेमका कापायला घेतलेल्या पॉपलिनवर.

"मंगलताई, ही गल्ली नुसती येण्याजाण्यासाठी नाही. हिची ओसरी करायची. दर रविवारी संध्याकाळी वाहनं बंद. बाकं मांडायची, माणसं बसवायची."

"आणि धंदा कोण करणार, तुमची ओसरी?"

"बसलेलं माणूस खरेदी करतं. पळणारं काय घेणार?"

"पळणारं निदान तुमच्या तावडीत सापडत नाही!"

काका हसले. त्यांना राग म्हणून यायचाच नाही, त्यामुळे भांडणाची मजाच जायची.

रस्त्यातल्या खुर्चीबद्दल कुणीतरी पालिकेत तक्रार केली. माझ्याकडे बघू नका, मी नव्हते. विचार होता, पण कुणीतरी आधीच केली. साहेब खुर्ची जप्त करायला आले. काका म्हणाले, "अवश्य न्या. पण आधी जरा टेका." साहेब टेकले. चहा आला. साहेबांचं गाव चिपळूणजवळ निघालं, मग आमराई निघाली, मग साहेबांचे गुडघे निघाले. उठताना त्यांनी परवानगीच देऊन टाकली! फक्त एक अट घातली. नवरात्रातल्या रविवारी एक संध्याकाळ करून बघायची. माणसं बसली तर दर रविवारी गल्ली मोकळी. नाही बसली तर बाकं गोडाऊनमध्ये, आणि ही खुर्चीसुद्धा.

नवरात्रातला रविवार! आमचा ऐन धंद्याचा दिवस. सगळे दुकानदार काकांवर भडकले, आणि सगळ्यांच्या वतीने ओरडायला अर्थातच मला पुढे केलं. पण शनिवारी काकांनी मांडलेली बाकं बघितली आणि मी ओरडायचंसुद्धा विसरले. एका बंद पडलेल्या क्लासची ती लांबलचक बाकं. सगळी एका दिशेला तोंड करून! पाठ माझ्या दुकानाकडे, तोंड समोरच्या बिल्डिंगच्या भिंतीकडे. भिंतीवर बघण्यासारखी एक दंतमंजनाची जाहिरात, तीही अर्धी पुसलेली. शिवाय बिल्डिंगच्या कडेने येणारं मावळतीचं ऊन सरळ डोळ्यांत.

"काका, लोकांना काय शिक्षा झालीय भिंतीकडे तोंड करून बसायची? बाकं समोरासमोर मांडा की!"

"ड्रॉइंगमध्ये अशीच आहेत," काका म्हणाले. आणि इतका गोड माणूस, पण एक बाक इंचभर हलवू देईल तर शपथ.

रविवारी पाच वाजता गल्लीच्या दोन्ही तोंडांना बांबू लागले. रिक्षांचा आवाज थांबला आणि गल्ली एकदम परकी वाटायला लागली. लोक आले, कडेकडेने उभे राहिले, बाकांकडे बघून हसले. एक आजोबा बसले, डोळ्यांवर हात धरला आणि उठून गेले. साहेब घड्याळ बघत उभे. काका आपल्या खुर्चीवर एकटे. कुणालाही 'टेका' म्हणत नव्हते. खोटं कशाला बोलू, माझ्या पोटात तुटलं. आणि तुटलं की मला राग येतो.

दुकानात चार-पाच बायका होत्या. "पीस राहू द्या," मी म्हटलं, "भोंडला करू या. चला बाहेर!"

"आणि पाट? पाटावरचा हत्ती?" एकीने विचारलं.

मी टेलरिंगचा खडू घेतला आणि भर डांबरी रस्त्यावर हत्ती काढला. सोंड जरा वाकडी गेली, पण हत्ती होता. आम्ही फेर धरला. बघता बघता आणखी बायका आल्या, पोरी आल्या, फेर मोठा झाला. बायकांमागून पिशव्या धरलेले नवरे आले आणि पाय दुखल्यावर मुकाट्याने बाकांवर टेकले.

गाणी संपली तेव्हा माझ्या लक्षात आलं, खिरापतच नाही! तेवढ्यात वरून खणखणीत आवाज आला.

"मंगल! खिरापत माझ्याकडे आहे गं! ओळखा बघू!"

गॅलरीत काकू. हातात पितळी डबा. त्यांनी तो कानाशी धरून खुळखुळ वाजवला. सगळी गल्ली वर बघायला लागली. मान वळवायची कुणाला गरजच पडली नाही. सगळी बाकं त्या गॅलरीकडेच तोंड करून होती.

मी काकांशेजारी जाऊन बसले. "आधी सांगायचं नाही का हो? आम्ही वर आलो असतो."

"आला होतात की," काका म्हणाले. "वर येतात ते तब्येत विचारतात, मंगलताई. दहा मिनिटं बसतात, मग घड्याळ बघतात. चाळीत हिची खिरापत कधी कुणाला ओळखता आली नव्हती. इथं हिला कुणी खिरापतीचं विचारतच नाही."

"चिवडा!" खालून कुणीतरी ओरडलं.

"नाऽऽही!" वरून काकू.

"काय आहे हो डब्यात?" मी हळूच विचारलं.

"साखरफुटाणे. सकाळी मीच भरलेत, नवरात्रात कुणीतरी फेर धरेलच म्हणून." आणि काकांनी पटकन माझा हात धरला. "ओरडू नका हं. ओळखलं की सगळ्या घरी जातील."

मी उठले, पदर खोचला आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "श्रीखंड!"

"श्रीखंड कधी वाजतं का गं, मंगल?" काकू वरून खो खो हसल्या आणि त्यांनी डबा पुन्हा वाजवला.