एकोणतीसचा पाढा

मुंबई-पुणे रस्त्यावरच्या मोटारी मोजायला हाताची बोटं पुरत, त्या काळातली गोष्ट. चिंचवडच्या नव्या कारखान्यात कारकून असलेल्या रंगरावांनी एका रविवारी ठरवलं, की तळेगावला सासुरवाडीला जायचं ते आगगाडीनं नाही, फटफटीनं! (फटफटी जुनी होती. किती जुनी, ते विकणाऱ्यालाही आठवत नव्हतं.) सासरे लक्ष्मणराव चारचौघांत म्हणाले होते, "जावईबापू, तुमच्या फटफटीपरीस आमची बैलं बरी." ते रंगरावांच्या फार जिव्हारी लागलं होतं.

आकुर्डीजवळ दत्तोबा हवालदार आडवे आले.

"थांबा! ताशी वीस मैलांची हद्द मोडलीत."

"मी?" रंगरावांना राग यायला हवा होता. आतून मात्र गुदगुल्या झाल्या.

"वेग मोजलात कशानं?" मागे बसलेल्या त्यांच्या पत्नीनं, शालनबाईंनी विचारलं.

"घड्याळ दुरुस्तीला गेलंय, ताई. त्या चिंचेपासनं या चिंचेपर्यंत मी एकोणतीसचा पाढा म्हनतो. पाढा संपायच्या आत गाडी आली, की पावती!"

"म्हणा बघू."

दत्तोबा 'एकोणतीस सक एकशे चौऱ्याहत्तर'पर्यंत झोकात गेले. 'एकोणतीस साते'ला अडले. टोपी काढली, घाम पुसला, आभाळाकडं पाहिलं. तेवढ्यात एक म्हातारी शेळ्या हाकत दोन्ही चिंचा ओलांडून गेली.

"आता तिलाही पावती द्या," शालनबाई म्हणाल्या.

दत्तोबा ओशाळले. मग असं ठरलं, की रंगरावांनी मागच्या चिंचेपासून पुन्हा यायचं आणि पाढा शालनबाईंनी म्हणायचा. शालनबाईंचा एकोणतीसचा झाला, तीसचा झाला, दत्तोबांच्या मुलीचं लग्न कुठं जमलं तेही विचारून झालं. तेव्हा कुठं फटफटी खोकत पोचली.

"अगदी निर्दोष मानूस हाय वो!" दत्तोबांनी गहिवरून पावतीपुस्तक मिटलं.

आज त्या चिंचा नाहीत. खांबावर कॅमेरे आहेत, आणि कॅमेऱ्याला 'पाढा म्हणून दाखव' म्हणता येत नाही. तेव्हाचा न्याय असा सावलीत उभ्या उभ्या व्हायचा. त्याची फार आठवण येते.

तर तेवढ्यात माहेरच्या ओळखीची बैलगाडी तळेगावकडं निघालेली दिसली. "अहो, आईनं जेवायला बोलावलंय, वेळेवर पोचायला हवं," म्हणत शालनबाई तिच्यात चढल्यासुद्धा! रंगरावांचा चेहरा उतरला. आता सासऱ्यांना तोंड काय दाखवायचं?

"हवालदार," ते हळूच म्हणाले, "ती पावती द्याच. दंड भरतो. सासऱ्यांना दाखवायचीय."

दत्तोबांनी समजूतदारपणे मान डोलावली, काहीतरी खरडलं आणि कागद घडी घालून हातात दिला.

रंगराव पोचले तेव्हा पंगत उठली होती, शालनबाई विडा चघळत ओसरीवर बसल्या होत्या. रंगरावांनी छाती काढून सगळ्यांसमोर पावती लक्ष्मणरावांच्या हाती ठेवली. लक्ष्मणरावांनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं:

"गुन्हा - बैलगाडीच्या वाटेत अडथळा."